आधी ऊन, मग घास

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्यानं त्याला बेअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळायचा एक सरडा, आणून दिला. चार महिन्यांचं पिल्लू आहे, नाव ठेवलंय धोंडू. दुकानातून अख्खा संचच मिळाला : दोन फुटी काचेची पेटी, लाल बल्ब, एक छोटा पिळाचा यूव्ही (अतिनील किरणांचा) बल्ब, पिशवीभर कॅल्शियमची वाळू आणि काचेला आतून चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर. तो काटा ३२ दाखवतो, म्हणजे ऊब आहे. पहिले तीन दिवस धोंडूनं बरं खाल्लं. आता चार दिवस झाले, टोळांकडे बघतही नाही. कोपऱ्यात डोळे मिटून पडलेला असतो. मुलगा शाळेतून आला की दप्तरही न काढता पेटीपाशी जातो आणि रडवेला होतो. आम्ही शाकाहारी आहोत, किड्यांचा तो डबा घरात ठेवणं माझ्या अगदी जिवावर येतं. नुसत्या पालेभाज्यांवर तो राहणार नाही का? त्यात दिवाळीला कोल्हापूरहून सासूबाई येणार, त्यांना पाल अंगावर पडली तर आंघोळ करावी लागते. डिसेंबरात आम्हाला तीन आठवडे भारतात जायचंय. सरडा परत करून टाकू का?
— एक आई

ताई,

परत करायचा की नाही ते शेवटी बघू. आज संध्याकाळचं काम आधी सांगते. धोंडूला खायला घालायचा खटाटोप आज थांबवा. तोंडाशी टोळ धरू नका, जबडा उघडून काही भरवू नका. पेटीत मोकळे सोडलेले टोळ बाहेर काढा. रात्री उरलेले किडे झोपलेल्या पिल्लाला चावतात.

चूल पेटलेली नसताना वर भाताचं पातेलं चढवून काय होणार? धोंडूच्या पोटात आत्ता तसंच झालंय. आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, सरड्याचं करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या, तापल्या भागातला हा प्राणी. सकाळी एखाद्या ओंडक्यावर किंवा खडकावर चढायचं, अंग तापवून घ्यायचं, मगच भक्ष्याच्या मागे धावायचं, आणि खाल्लेलं पचवायला पुन्हा उन्हात येऊन पडायचं, असा त्याचा दिवस. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पोटात तसंच राहतं, कुजतंसुद्धा. म्हणून थंड सरडा खात नाही. तो हट्टी नाही, शहाणा आहे.

आता तुमचा तो ३२चा काटा. तो काचेला चिकटलाय, त्यामुळे काचेजवळच्या हवेचा अंदाज देतो, आणि हे काट्याचे थर्मामीटर तेही नीट देत नाहीत. आपल्याला हवं आहे ते धोंडू ज्यावर बसतो त्या दगडाच्या पाठीचं तापमान. ते ३८ ते ४२ अंश असायला हवं. पेटीच्या दुसऱ्या टोकाला २४ ते २६. वायरच्या टोकाला टिकली असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, असे दोन घ्या. एकाची टिकली दगडावर ठेवा, दुसऱ्याची थंड टोकाला. या संचातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि बहुतेक घरांत नेमकी हीच नसते.

दोन्ही टोकं वेगळी का? नको तेव्हा सावलीत जाता आलं पाहिजे म्हणून. स्वतःचं तापमान तो जागा बदलून सांभाळतो. दोन फुटांत ते जमत नाही. एक टोक ४० केलं तर दुसरंही तापतं, दुसरं थंड ठेवलं तर पहिलं तापत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. धोंडूचं कुंपण चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच असू द्या. यापेक्षा मोठं चालेल, लहान नको. मोठा झाल्यावर तो शेपटीसकट दीड ते दोन फूट होईल. ‘आधी छोटी पेटी, नंतर मोठी’ हा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. त्यानं दोनदा खर्च होतो, एवढंच. पिल्लू मोठ्या पेटीत हरवतं वगैरे काही नसतं. लपायला एक गुहा आणि चढायला एक फांदी दिली की ते मजेत राहतं. थंड देशात लाकडी पेटी ऊब धरून ठेवते, तीच घ्या.

नवी पेटी येईपर्यंत याच पेटीत तात्पुरती सोय करा. लाल बल्ब काढून टाका. त्याच्या जागी साधा पांढऱ्या उजेडाचा हॅलोजन स्पॉट लावा, एका टोकाला. खाली एक सपाट, खडबडीत दगड ठेवा, बल्ब नि दगड यांतलं अंतर कमीजास्त करत टिकलीवर ४० आणा. बल्बला हात, म्हणजे पाय, लागता कामा नये, जाळीचं आवरण घाला. बल्ब थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान ठरवलेलंच राखणाऱ्या यंत्रावर, असावा आणि टायमरवर असावा. सकाळी सातला दिवस उगवला पाहिजे, संध्याकाळी सातला मावळला पाहिजे.

लाल बल्बचं सांगते, कारण ‘लाल उजेड त्यांना दिसत नाही, रात्री चालू ठेवा’ असं अजूनही विकताना सांगतात. दिसतो. झोप मोडते. यांना रात्री काळोख हवा. खोलीचं तापमान रात्री १८ अंशांच्या खाली जात असेल, आणि इंग्लंडातल्या जानेवारीत ते जातंच, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावायचा. तापणारे कृत्रिम दगड मिळतात, ते मात्र घेऊ नका. यांची ऊब वरून येणारी, उन्हासारखी हवी. खालून चटका बसतोय हे त्यांना वेळेवर कळत नाही आणि पोट भाजतं.

आता जे सांगणार आहे ते मला फार उशिरा कळलं. माझा पहिला बेअर्डेड ड्रॅगन मी दक्षिणेच्या खिडकीत ठेवला होता. दिवसभर ऊन यायचं, तो काचेला अंग लावून पडायचा, मला वाटायचं याच्यापेक्षा आणखी काय हवं. कॅल्शियमची भुकटी रोज घालत होते. सहाव्या-सातव्या महिन्यात त्याची बोटं थरथरायला लागली. मग एकदा फांदीवरून वीतभर खाली उतरताना पुढचा पाय मोडला. डॉक्टरांनी त्याच्या खालच्या जबड्यावर हलकेच बोट दाबलं, आणि जबडा रबरासारखा दबला. तो दबलेला जबडा मी विसरू शकत नाही. तो वाचला नाही.

खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातला यूव्हीबी हा भाग काच अडवते. कातडीला यूव्हीबी मिळाला तरच तिथे ड जीवनसत्त्व तयार होतं. ड असेल तरच पोटातलं कॅल्शियम रक्तात जातं. नसेल तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढत बसतं. मी भुकटी घालत होते आणि ती आल्यापावली निघून जात होती. तेव्हा धोंडूला नळीच्या आकाराची टी-५ यूव्हीबी नळी लावा, १२ टक्क्यांच्या आसपासची, वाळवंटी प्राण्यांसाठीची. पेटीच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची, आणि ऊब देणाऱ्या बल्बच्या बाजूलाच. म्हणजे तापताना त्याला दोन्ही एकाच जागी मिळतात, रानात मिळतात तशी. नळी पेटीच्या आत, परावर्तक पत्र्यासकट. त्याच्या पाठीपासून अंतर साधारण ३० ते ४० सेंटिमीटर, पण नळीच्या खोक्यावर अंतराचा तक्ता असतो तोच पाळा. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. बारीक जाळीसुद्धा बराच भाग खाते. तुमच्या संचातल्या पिळाच्या बल्बचा झोत फार लांब पोचत नाही, तो बाजूला ठेवा. आणि नळी लावली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. वर्षभरात तिच्यातला यूव्हीबी कमी होतो, पण डोळ्यांना ती तशीच लख्ख दिसते. त्यामुळे चालू असली तरी वर्षानं बदलायची.

ऊब या प्राण्याच्या आयुष्यात किती खोल शिरलेली आहे याचं एक उदाहरण मुलाला सांगा, त्याला आवडेल. यांची अंडी ३२ अंशांच्या वर उबवली गेली तर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्लंही मादी म्हणून जन्मतात. ऑस्ट्रेलियातल्या रानात अशा माद्या सापडल्याचं संशोधन २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. त्या माद्या पुढे अंडीही घालतात.

वाळूचं थोडक्यात. कॅल्शियमची वाळू आजच उपसा. खाताना ती तोंडात जाते, पोटात गोळा होतो, आतडं बंद पडतं. सध्या खाली कोरा स्वयंपाकघरातला कागद घाला, म्हणजे शीही तपासता येईल. नंतर खरखरीत फरशी बसवा, नखंही झिजतील.

हे सगळं बसलं की दोन दिवस थांबा. हाताळू नका, मित्रांना दाखवायला काढू नका. नव्या घरात आलेलं पिल्लू तसंही पहिला आठवडा-दोन आठवडे बावरलेलं असतं. सकाळी दिवा लागल्यावर काय करतो ते लांबून बघा. आधी काळपट दिसेल, कारण गडद रंग ऊब लवकर ओढतो. हळूहळू दगडावर चढेल, बरगड्या पसरून भाकरीसारखा चपटा होईल. अर्ध्या तासात रंग उजळेल, मातकट पिवळा होईल. मग तोंड उघडं ठेवून बसेल. त्याला घाबरू नका, अंग पुरेसं तापलं की ते असं करतात. तो तोंड उघडून बसला की समजा, चूल पेटली. तेव्हा एक टोळ सोडून बघा.

दोन दिवस बरोबर तापमान देऊनही त्यानं खाल्लं नाही, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर. आणि थरथर, लोंबणारा किंवा मऊ जबडा, ओढत चालणारा पाय, खोल गेलेले डोळे यांतलं काहीही दिसलं तर आजच, दोन दिवसही थांबू नका. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर पुरणार नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला शोधा. फोन करून सरळ विचारा, ‘तुमच्याकडे महिन्यात किती बेअर्डेड ड्रॅगन येतात?’ नेताना खोक्यात टॉवेल, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि एका डबीत ताजी शी. दुकानातून आलेल्या पिल्लांत जंत आणि कॉक्सिडिया नावाचे परजीवी बरेचदा असतात. म्हणून धोंडू उद्या खायला लागला तरी ही तपासणी एकदा करून घ्याच.

आता पालेभाज्यांचा प्रश्न. ताई, तो राहणार नाही. हे गोड करून सांगता येत नाही. मोठा बेअर्डेड ड्रॅगन बहुतेक पाल्यावर जगतो, त्याला आठवड्यातून दोन-तीनदा किडे पुरतात. पण वाढतं पिल्लू मुख्यतः किड्यांवर वाढतं, त्याला ते रोज लागतात, दहा मिनिटांत खाईल तेवढे. मी माळकरी घरातली आहे. पहिला डबा घरी आणला तेव्हा झाकण उघडायला मला दोन दिवस लागले, त्यामुळे तुमचं जिवावर येणं मला कळतं. मी स्वतःशी एवढंच ठरवलं की याला मी घरात आणलंय, तर माझा उपास मी त्याच्यावर लादायचा नाही. आणि ते किडेही माझ्या घरात असेपर्यंत हाल सोसणार नाहीत. त्यांना मोठ्या हवेशीर डब्यात काढा, अंड्यांचे पुठ्ठे आणि गाजराचे तुकडे घाला, फ्रिजमध्ये ठेवू नका. गाजर-पाला खाल्लेला किडाच धोंडूच्या अंगी लागतो. रातकिडे न घेता टोळच घ्या. रातकिडे रात्रभर ओरडतात आणि निसटले की कपाटामागे संसार थाटतात. छोटे टोळ आवाज करत नाहीत. धोंडूच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर आहे त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. वाटीत घालून वर चिमूटभर साधं कॅल्शियम भुरभुरा आणि हलवा, लाडू पिठीसाखरेत घोळवतो तसं. जीवनसत्त्वांची भुकटी वेगळी मिळते, ती आठवड्यातून एकदाच. हे काम मुलाचं किंवा नवऱ्याचं असू द्या, तुम्ही केलंच पाहिजे असं नाही.

तुमच्या हातची मात्र भाजी असू द्या. रोज सकाळी बारीक चिरलेला पाला : रॉकेट, वॉटरक्रेस, डँडेलियनची पानं, थोडी कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा. कुंडीतल्या जास्वंदीचं फूल दिलंत तर तो आधी तेच उचलेल, फवारा मारलेलं नको एवढंच. पालक देऊ नका. आपल्याकडे पालक पौष्टिक म्हणून आधी तोच हातात येतो, पण त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं. अव्होकाडो तर विषच. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी.

किडे घरात नकोच असतील, घरच्या कुणालाच जमत नसेल, तर मात्र प्राणी बदला, धोंडूचं जेवण बदलू नका. युरोमॅस्टिक्स नावाचा जवळपास शाकाहारी सरडा पाळतात, पण त्याला याहून जास्त ऊब लागते आणि तो माणसाळायला वेळ घेतो.

सासूबाईंचं मला इतकं अवघड वाटत नाही. धोंडू पाल नाही, हे त्यांना सांगा. आपल्या कुंपणावर बसून मान हलवणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल करणारा जो सरडा त्यांनी कोल्हापुरात जन्मभर पाहिलाय, त्याच्याच कुळातला हा. दोघेही अ‍ॅगॅमिडी कुळातले. आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा जो देखणा सरडा आहे, त्याच्या वंशाला शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये ‘सरडा’ हेच मराठी नाव दिलं. तोही याच कुळातला. त्यांना घाबरवून किंवा हसून काही साधणार नाही, पण ओळख करून दिली तर त्या लांबून का होईना बघतील. पेटी मात्र स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ नको. हे सोवळ्यासाठी सांगत नाहीये. या प्राण्यांच्या शीमध्ये साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो वयस्कांना व लहान मुलांना जास्त बाधतो. धोंडूला किंवा पेटीला हात लावला की साबणानं हात धुवायचे. त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासायची नाहीत, वेगळी बादली ठेवा. मुलानं त्याची पापी घ्यायची नाही, हे आजच त्याला सांगून टाका.

डिसेंबरातले तीन आठवडे त्याला एकट्याला ठेवता येणार नाही. तेव्हाही तो पिल्लूच असेल. दिवे टायमरवर चालतील, पण रोज कुणीतरी घरी येऊन खायला घालणारं, पाणी बदलणारं, आणि दिवा गेलाय का ते बघणारं हवं. शेजारच्या कुणाला तरी नोव्हेंबरातच पंधरा दिवस रोज संध्याकाळी बोलवा, तुमच्या समोर करू द्या. नाहीतर सरपटणारे प्राणी सांभाळायला घेणारी माणसं असतात, डॉक्टरांकडे चौकशी करा. भारतात सोबत नेण्याचा विचारही मनात आणू नका. आणि सोबत म्हणून दुसरा आणू नका. एकावर एक चढून बसलेले दोन बेअर्डेड ड्रॅगन फोटोत प्रेमळ दिसतात, पण वरचा खालच्याचं ऊन हिरावत असतो.

मुलाबद्दल. इंग्लंडच्या कायद्यानं सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, २००६च्या प्राणी कल्याण कायद्यातच ते आहे. मला तो कायदा योग्य वाटतो. धोंडू नीट जगला तर दहा वर्षांहून जास्त जगेल. मुलगा कॉलेजला जाईल तेव्हाही तो तुमच्या दिवाणखान्यात असेल. तेव्हा धोंडू मुलाचा असला तरी जबाबदारी तुम्हा दोघांची. पण त्याला खरंखुरं काम द्या. दर रविवारी सकाळी धोंडूचं वजन. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा त्याच्यासाठी वेगळा घ्या, वर डबा ठेवून शून्य करायचं, डब्यात धोंडू. आकडा तारखेसह वहीत. पिल्लाचं वजन आठवड्यागणिक वाढलं पाहिजे. आजार अंगावर दिसायच्या आधी त्या वहीत दिसतो.

आणि त्याला हे दाखवा : धोंडूच्या डोक्याच्या अगदी मधोमध एक फिकट खवला आहे, मोहरीएवढा. तो तिसरा डोळा आहे. चित्र दिसत नाही त्यातून, पण उजेड-सावली कळते. वरून सावली पडली की त्याच्या लेखी घार आली. म्हणून उचलायला हात वरून न्यायचा नाही. बाजूनं, खालून, तळवा पसरून पोटाखाली सरकवायचा, चारही पाय टेकू द्यायचे. दहा दिवसांनी, तो खायला लागल्यावर. पहिल्यांदा दोन मिनिटं पुरे.

परत करायचं म्हणालात. आज परत केला तर तो पुन्हा दुसऱ्या कुणाच्या दोन फुटी पेटीत लाल बल्बखाली जाईल. मोठी पेटी, नळी, थर्मोस्टॅट आणि डॉक्टरांची फी असा खर्च आहे, तो धोंडूच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. दोघांनी बसून आकडा मांडा. झेपत नसेल तर दुकानात न नेता सरपटणाऱ्या प्राण्यांना नवं घर शोधून देणाऱ्या संस्थेकडे सोपवा, आणि मुलाला खरं कारण सांगा. झेपत असेल तर ठेवा. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुम्ही ठेवाल.

हॅलोजन आणि टिकलीचा थर्मामीटर आज दुकानं बंद व्हायच्या आत आणा. नळी मागवा. रविवारचं वजन मला कळवा.